नांदेखारची मुडी

१

चांगुणाबाईंनी मुडी डोक्यावर घ्यायला उचलली आणि लगेच परत टेबलावर ठेवली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या रावसाहेब वाघमाऱ्यांनी ते पाहिलं. जड वस्तूची तयारी करून हलकी वस्तू उचलली की माणूस मागे झोकांडतो, तशा त्या झोकांडल्या होत्या.

सानपाड्याच्या त्या एसी सभागृहात टाळ्या चालूच होत्या. ‘गावानेच गाव उभारावे’ या शनिवार-रविवारच्या जाहीर परिसंवादाचा समारोप होता. माईकवर आयोजक सौरभ सर होते. खरं म्हणजे मुडी टेबलावरच राहायची आणि बाईंनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा, असं ठरलं होतं. पण म्हातारीला आयत्या वेळी वाटलं, आपलं बी आपण डोक्यावरून मंचावर न्यावं.

मुडी म्हणजे पेंढ्यात बांधलेलं भाताचं बी. वरून पेंढ्याच्याच दोरीनं आवळलेला, मोठ्या भोपळ्याएवढा गोल गठ्ठा. तिची गाठ पेरणीच्या दिवशी शेतावरच सोडायची, अशी नांदेखारची रीत. चांगुणाबाईंनी ती रीत मोडली आणि गाठ तिथंच सोडली. आतून टेबलभर नुसती तुसं सांडली. लालसर, टोकाला काळी तुसं. दाणा एकही नव्हता.

“बी कुठं हाय माजं?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच शेवटच्या रांगेपर्यंत शांतता पसरली.

ते बी काय होतं हे दोन दिवस सगळ्यांनी ऐकलं होतं. उरणच्या बाजूला खाडीकाठी नांदेखार. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, जमीन मेली. मग गावानं स्वतः खपून बांध घातला. पण त्या खाऱ्या मातीत नवीन जातींचं भात तग धरत नव्हतं. धरत होतं ते एकच जुनं लाल भात, आणि ते चांगुणाबाईंनी एका पट्टीत वर्षानुवर्षं जगवलं होतं. येत्या बुधवारी गावाची बैठक होती: खार, म्हणजे ती खाडीलगतची शेतजमीन, पेरायचा, की भराव टाकून कंटेनर यार्डाला द्यायचा. बी नसेल तर पेरणार काय?

म्हातारीनं हॉलच्या दाराकडे बोट केलं. तिथं तिचा भाचा प्रीतम उभा होता.

“यालाच इचारा,” त्या म्हणाल्या. “आनी आयक रे प्रीतम, मी मेली तं माजे तिरडीला हात लावू नको तू.”

२

रावसाहेबांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हिवाळ्यात पत्नी सुंदराबाई गेल्या तेव्हापासून त्यांना काहीच वाटेनासं झालं होतं. ना भूक, ना राग. पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस कोपरखैरण्याच्या घरी बसवत नाही म्हणून नवी मुंबईतले सगळे मोफत परिसंवाद ऐकत फिरत असे. विषय कोणताही चाले. मधुमेह झाला, सौरऊर्जा झाली, आता ग्रामविकास. थंडगार हॉल, जेवणाचं ताट आणि दिवस संपल्याचं समाधान. बोलणाऱ्याचे ओठ हलताना बघत ते बसत.

हॉलमध्ये गोंधळ उडाला होता. नांदेखारचे चार लोक प्रीतमच्या अंगावर धावून गेले. वॉचमननं सांगून टाकलं, की हा आज सकाळी सगळ्यांच्या आधी आला होता आणि मुडीपाशी एकटाच उभा होता. झालं! आता पुरावा आणखी कसला हवा? प्रीतम जासईला राहायचा, यार्डात त्याचे ट्रेलर लागायचे, आणि खार यार्डाला द्यावा म्हणून सगळ्यात मोठ्यानं तोच बोलायचा.

“पोलीस नकोत,” सौरभ सर घाईनं म्हणाले. “संस्थेचं नाव, पाहुणे, प्रेस… आपसात मिटवू.”

“मी पोलीसच होतो,” रावसाहेब म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही.

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “मंग बसून काय ऱ्हायलाव, दादा? बी शोधा माजं. ते या घरात गेलं, या घरातच हाय.”

नाही म्हटलं तर घरी जावं लागणार होतं. रावसाहेब उठले. टेबलावरची चिमूटभर तुसं त्यांनी रुमालात बांधून घेतली आणि वॉचमनला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला.

“सकाळी तो बाहेर गेला तेव्हा हातात काय होतं?”

“काय नाय, साहेब,” वॉचमन म्हणाला. “हात हलवत गेला. उलट जरा खुशीतच वाटला.”

३

प्रीतम हॉलमागच्या जिन्यावर बसला होता. कुणीतरी शर्टाचं बटण तोडलं होतं.

“मी बी नाय चोरलं,” तो आपणहून म्हणाला. “लोकांना काय, चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“तू संन्यासी नाहीस, बाबा. तुला खार विकायचाय.”

“विकायचा नाय, भाड्यानं द्यायचाय. आनी का देऊ नये? आमची अर्धी जमीन सिडकोत गेली, अर्धी खाडीत. आत्या बोलते, बांध बांधला, आता भात पिकंल. पिकंल तं पोट भरंल का, काका? माजी पोरं इंग्लिश मीडियमला हायेत.”

“सकाळी मुडीपाशी काय करत होतास?”

प्रीतमनं तोंड फिरवलं. “बघत होतो.”

“काय?”

“मुडी. बघायची बंदी हाय का?”

माणूस खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो, हे रावसाहेबांनी उभ्या नोकरीत पाहिलं होतं. हा कमी बोलत होता. चोरी केलेली नाही हे त्याचं म्हणणं खरं वाटत होतं, पण पोटात काहीतरी ठेवून तो बोलत होता हेही तितकंच खरं.

आणि तुसांचं काय? बी चोरायचं तर गठ्ठा उचलून चालू पडावं. नाहीतर फोडून खाडीत ओतावं. मुडी सोडून, बी काढून, आत तुसं भरून ती पुन्हा बांधून ठेवायचा उपद्व्याप कोण करेल? आणि सानपाड्यात इतकी तुसं मिळतात तरी कुठं?

“काका,” मागून हाक आली. हॉल आवरणाऱ्या मुलींपैकी एक दारात उभी होती. “त्या बियाण्यांच्या मॅडम आहेत ना, शर्मिला मॅडम? त्यांच्या पर्समध्ये लाल भाताची पुडी आहे. मी आत्ता बघितली.”

४

शर्मिला बियाण्यांवर संशोधन करणाऱ्या. शनिवारी सकाळी त्यांनी व्याख्यान दिलं होतं आणि त्यानंतर चांगुणाबाईंकडे मूठभर बी मागितलं होतं. बाईंनी चारचौघांत नकार दिला होता. पेरणीआधी बी मुठीनं वाटलं तर बरकत जाते, म्हणाल्या होत्या. शर्मिलांचा चेहरा तेव्हा उतरला होता. गावच्या लोकांना तेव्हाच संशय आला होता की ही बाई बी घेऊन कंपनीला विकणार.

पुडी त्यांनी लपवली नाही. कागदात जेमतेम चमचाभर लाल भात होतं, टोकाला काळं.

“चोरलं नाही,” त्या म्हणाल्या. “जमिनीवरून वेचलं.”

“मुडीपाशी?”

“नाही. पॅसेजमध्ये, त्या उखळापाशी. शनिवारी दुपारी.”

पॅसेजमध्ये ‘आपलं गाव’ नावाचं प्रदर्शन मांडलं होतं. जातं, पाटा, चूल आणि मधोमध उखळ-मुसळ. शहरातल्या पाहुण्यांनी नऊवारी नेसून भात कांडायचं, फोटो काढायचे. वाशी-नेरूळच्या बायकांनी काय हौस केली होती! एकीनं मुसळ धरायचं, दुसरीनं मोबाईल. पुरुषांनीही शर्टाच्या बाह्या सारून दोन-चार घाव घातले होते. जाताना प्रत्येकाला कांडलेल्या तांदळाची रेशमी बटवी भेट मिळाली होती. रावसाहेबांनाही मिळाली होती.

“तेव्हाच का नाही बोललात?” रावसाहेबांनी विचारलं.

“राग आला होता मला.” शर्मिलांनी पुडी घट्ट मिटली. “मी संशोधनासाठी मूठभर मागितलं तर बरकत जाते, आणि सेल्फीसाठी कांडायला मात्र दिलं! मला वाटलं, बाईंनीच दिलं असेल. म्हटलं, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. आता मुडी उघडली तेव्हा लक्षात आलं. आणि मग पर्समधल्या पुडीमुळे बोलायची भीती वाटली.”

शनिवारी संध्याकाळी घरी गेल्यावर रावसाहेबांनी स्वयंपाक केला होता. कशाचा केला होता, ते त्यांना आत्ता आठवलं.

५

रविवारचं ऊन अजून खिडकीत होतं तेव्हा ते घरी पोचले. बायको गेल्यावर ज्या घरात ताट दुसऱ्या दिवसापर्यंत ओट्यावर पडून राहतं, तसलं ते घर झालं होतं. शनिवारचं ताट तसंच होतं. खिचडी वाळली होती. भात लालसर होता आणि ताटाच्या काठावर दातांत अडकलेली तुसं ओळीनं काढून ठेवलेली होती. ती काढताना ते वैतागलेही नव्हते. घशाला टोचत होतं तरी गिळत राहिले होते.

त्यांनी रुमाल सोडला. मुडीतली तुसं काठावरच्या तुसांशेजारी ठेवली. लालसर, टोकाला काळी. दोन्ही एकच.

म्हणजे बी कुणी चोरून बाहेर नेलंच नव्हतं. ते उखळात गेलं होतं. तिथून निघालेली तुसं मुडीत परतली होती, आणि तांदूळ बटव्यांमधून घराघरांत. नांदेखारचं बी रावसाहेब वाघमाऱ्यांनी मुगाची डाळ घालून खाल्लं होतं.

ते पाटावर बसले. आता तरी काही वाटेल म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. घशाला तेवढं टोचत होतं.

कांडायला भात कुणी दिलं, हा एकच प्रश्न उरला. त्यांनी सौरभ सरांना फोन लावला.

“ते ना?” सौरभ सर लगेच म्हणाले. “ते आम्ही मार्केटमधून आणलं. घाऊक बाजारातून, तुर्भ्याच्या. का हो?”

“सहज,” रावसाहेब म्हणाले.

सोमवारी सकाळी ते घाऊक बाजारात गेले. ओळखीचा धान्यवाला सीताराम गादीवर होता. टरफलासकट भात पाहिजे म्हटल्यावर तो हसायलाच लागला. “इथे तांदूळ मिळतो, साहेब. भात गिरणीतच राहतं. सगळं मार्केट फिरा, कुणाकडे निघालं तर मला पण दाखवा.”

रावसाहेब फिरले. कुणाकडेच निघालं नाही.

६

सौरभ सरांच्या ऑफिसात भिंतीवर हिरव्या शेताचा मोठा फोटो होता. रावसाहेबांनी चहा नको म्हटलं.

“ज्यानं मुडी पुन्हा बांधली,” ते सांगू लागले, “त्याला खात्री होती की बाई ती शेतावर जाईपर्यंत सोडणार नाही. म्हणजे त्याला रीत ठाऊक होती. ती नांदेखारच्या माणसांना ठाऊक आहे. शर्मिला मॅडमना बरकतीचं कळलं ते नकारानंतर, आणि गाठीचं सगळ्या सभागृहाला कळलं ते रविवारी, तुमच्या भाषणातून. शनिवारी ती गाठीची रीत जाणणारा, गावाबाहेरचा माणूस एकच.”

“मग प्रीतमनंच—”

“प्रीतम शेतकऱ्याच्या घरात वाढला. तुसं भरलेली मुडी हाताला लागताच हलकी लागणार, हे नांदेखारचं पोरसुद्धा सांगेल. असली फसवणूक तिथला कुणी करणारच नाही. ही करणाऱ्याला मुडीची रीत ठाऊक होती, वजन ठाऊक नव्हतं. त्यानं मुडीबद्दल पुष्कळ सांगितलं होतं, उचलली कधीच नव्हती.”

“पण भात तर आम्ही बाजारातून…” सौरभ सर म्हणाले.

“बाजारात भात मिळत नाही, सर. मी बघून आलो.”

मग सौरभ सर बोलले. कांडायचं पोतं पनवेलहून येणार होतं, ते आलंच नाही. प्रमुख पाहुण्या नऊवारी नेसून उखळापाशी उभ्या, कॅमेरे सुरू. म्हटलं, मुडीतलं ओंजळभर घेऊ. मग सगळ्यांनाच कांडायचं होतं. नाही कुणाला म्हणणार? बटव्याही वाटायच्या होत्या.

“भातच होतं ना ते!” सौरभ सर म्हणाले. “पेरणीआधी दुसरं आणून भरणार होतो. तिला कळलंही नसतं.”

“कालच्या भाषणात तुम्हीच म्हणालात, हे बी गेलं तर पुन्हा येणार नाही.”

“ते भाषणात…” ते मधेच थांबले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपणाला आत्ता कळत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी खरंच मानतो हो ते सगळं. मी खोटा नाही.”

रावसाहेबांना त्यांचा राग आला नाही, कीवही आली नाही. “तुमचा तो व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, परिसंवादाला आलेल्यांचा?” ते म्हणाले. “लिहा. जे केलंत ते जसंच्या तसं लिहा. आणि बटव्या परत मागा.”

“कांडलेला तांदूळ कसा उगवणार?”

“सगळ्यांनी नीट कांडला असता तर नसता उगवला,” रावसाहेब म्हणाले. “माझ्या ताटात बघा किती साळ आली होती, अख्खी, टरफलासकट.”

७

बटव्या आल्या. निम्म्या लोकांनी तांदूळ शिजवून खाल्ला होता, दोघांनी कबुतरांना घातला होता. पण बाकीच्यांनी बटवी शोकेसमध्ये मांडली होती. रेशमी होती ना! शर्मिला आणि रावसाहेब मंगळवारी सकाळपासून निवडत बसले. कधी मुसळ न धरलेल्या हातांनी चुकवलेले, टरफल न सुटलेले दाणे एकेक करून वेगळे काढले. शर्मिलांनी आपली पुडीही त्यात सोडली. सगळं मिळून दोन-तीन ओंजळी झालं. त्यावर खार पेरता येणार नव्हता. एखादा वाफा पेरता आला असता.

दुपारी ते नांदेखारला पोचले. चांगुणाबाई ओट्यावर बसल्या होत्या. रावसाहेबांनी निवडलेल्या दाण्यांचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सौरभ सर चुकले ते, आपण खिचडी खाल्ली तेही. म्हातारीनं दाण्यांतून बोट फिरवलं. मग तिनं प्रीतमला बोलावणं धाडलं.

तो आला आणि अंगणातच उभा राहिला.

“चुकलंच माजं, पोरा,” ती म्हणाली. “चार लोकांत तुला नको ते बोलली.”

“पुरतं नाय चुकलं तुजं, आत्या.” प्रीतमची मान खाली होती. “रविवारी मी मुडी न्यायलाच आल्तो. गाडी भायेर लावली व्हती. उचलली तं हलकी लागली. मना कललं, बी आधीच गेलंय. तशीच ठेवली. कुनाला बोललो नाय. खुशीत भायेर आलो. मनात बोललो, बरं झालं, माजे हातानं नाय झालं.”

रावसाहेबांनी आयुष्यात पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. कुणी न विचारता, सुटका झाल्यावर दिलेली ही पहिलीच. सुंदराबाईंना हे सगळं सांगायला हवं, असं आधी वाटलं आणि मग त्या नाहीत हे आठवलं. कित्येक महिन्यांनंतर त्यांना रडू आलं. ते गावच्या बांधाकडे तोंड करून उभे राहिले.

चांगुणाबाई कमरेला हात लावून उठल्या, ताट उचललं आणि अंगणात उतरून प्रीतमच्या हातात दिलं.

“घे.”

“मी? मी काय करू याचं?”

“मना मूल नाय, बाल नाय. माज्यामागं पट्टी तुजी, बी पन तुजंच. पेर, नायतं कोंबड्यांना घाल. आता चोरायचं कारन नाय तुला.”

प्रीतमला ताट खाली ठेवायला जागा दिसेना. समोरच कोंबड्या फिरत होत्या. त्यानं ताट छातीशी उंच धरलं आणि पायानं एका कोंबडीला दूर केलं.

“उद्या मीटिंगला मी काय बोलेन ते मना अजून म्हाईत नाय,” तो म्हणाला.

“नको सांगू.”

ती वळून ओटा चढू लागली. तो तसाच उभा राहिला, आणि ती दारात पोचायच्या आत त्यानं विचारलं, “आत्या, बी भिजत कवा घालायचं?”